लक्कम्मांचे माप आणि आपले स्वयंपाकघर



बाराव्या शतकातील कल्याण नगरीत आयदक्की मारय्या आणि त्यांच्या धर्मपत्नी लक्कम्मा हे शरण दांपत्य राहत होते, हे आपणां सर्वांस ठाऊक आहेच. रायचूर जिल्ह्यातील अमरेश्वर हे त्यांचे मूळ गाव. कानडीत 'आय्द' म्हणजे वेचलेला आणि 'अक्की' म्हणजे तांदूळ. महात्मा बसवेश्वरांच्या महामनेच्या अंगणात सांडलेले दाणे वेचून आणावेत, निवडून शिजवावेत, जंगमांना दासोह घडवावा आणि मग प्रसाद म्हणून आपण घ्यावेत, हे त्यांचे नित्याचे कायक होते. त्यावरूनच 'आयदक्की' हे नाव त्यांना लाभले.

एके दिवशी मारय्या रोजच्यापेक्षा जास्त तांदूळ घेऊन घरी आले. अंगणात त्या दिवशी दाणे अधिक सांडलेले होते. मारय्यांची भक्ती पाहून बसवेश्वरांनीच ते मुद्दाम सांडवले होते, असे काही कथांत सांगतात. लक्कम्मांनी ते पाहिले आणि पतीला विचारले की आज एवढे कशाला? गरजेपेक्षा जास्त आणलेले शिवाला अर्पण होत नाही, ते जेथून आणले तेथे परत ठेवून या, असे त्यांनी स्पष्ट सांगितले. मारय्या आल्या पावली परत गेले.

या प्रसंगाचे विवरण करताना लोभ वाईट, एवढ्यावर आपण सहसा थांबतो. ते योग्यच आहे. पण या कथेत आणखी एक बारकावा आहे आणि आजचा पाठ त्याच्यावर आहे. लक्कम्मांनी जादा तांदूळ कोठे अडवले, ते पाहावे. त्यांनी ते उंबरठ्यावर अडवले. आधी शिजवून घेऊ, उरले तर बघू, असा विचार त्यांनी केला नाही. माप घेण्याच्या वेळी ठरवायचे असते. शिजल्यानंतर, खाल्ल्यानंतर, टाकताना माप ठरवायला बसले तर त्याचा उपयोग थोडाच होतो. दाणा चुलीवर चढला की तो महामनेच्या अंगणात परत जात नाही.

हा विचार इंदूरच्या वाचकांसमोर मांडावासा वाटतो, याला कारण आहे. टाकलेल्या वस्तूचे काय करावे, हे भारतात इंदूरइतके कोणत्याच शहराला जमलेले नाही. आणि नेमके त्यामुळेच, घेतानाचे माप विसरण्याचा धोका इंदूरच्या घरांत सर्वांत जास्त आहे.

इंदूरची कमाई

केंद्र सरकारच्या स्वच्छता सर्वेक्षणात २०१६ मध्ये इंदूरचा क्रमांक पंचविसावा होता. २०१७ मध्ये तो पहिला झाला आणि त्यानंतर सतत पहिलाच राहिला. २०२३ च्या सर्वेक्षणात तो मान सुरतेबरोबर विभागून मिळाला. पुढे पहिल्या ओळीतील शहरांची निराळी श्रेणी केली गेली, तिच्यातही इंदूर आहे. हे केवळ झाडू मारून झाले नाही. रोज सकाळी गाणे वाजवीत कचरागाडी दारात येते आणि ओला, सुका, प्लास्टिक, विजेच्या वस्तूंचा, घरातील आरोग्यविषयक व घातक असा कचरा वेगवेगळ्या कप्प्यांत घेते. देवगुराडिया येथील ट्रेंचिंग ग्राउंडवर वर्षानुवर्षे साचलेला सुमारे १३ लाख टन कचरा उपसून ती जमीन मोकळी करण्यात आली. त्याच ठिकाणी १९ फेब्रुवारी २०२२ रोजी ओल्या कचऱ्यापासून गॅस करणारा मोठा प्रकल्प सुरू झाला. दिवसाला ५५० टन ओला कचरा घ्यावा, त्यातून सुमारे १७,००० किलो गॅस आणि १०० टन सेंद्रिय खत काढावे, अशी त्याची क्षमता आहे. शहरातील बस या गॅसवर धावतात.

इंदूरकर ही हकिकत पाहुण्यांना अभिमानाने सांगतात. सांगावीच. पण या अभिमानाबरोबर घरात एक वाक्य हळूच शिरले आहे. पातेल्यात भात उरला, पोळ्या वाळल्या, भाजी आंबली, की कोणीतरी म्हणते, "जाऊ द्या, वाया थोडेच जाते, त्याचा गॅसच होतो ना!"

हे वाक्य जरा ताजव्यात घालून पाहू. ५५० टनांतून १७,००० किलो म्हणजे एका किलो ओल्या कचऱ्यातून सरासरी ३१ ग्रॅम गॅस. घरातील मध्यम शेगडी तासाला साधारण दीडशे ग्रॅम गॅस जाळते. म्हणजे एक किलो कचऱ्याचा मोबदला शेगडीची बारा मिनिटे. शिजलेल्या अन्नातून सालींपेक्षा थोडा जास्त गॅस निघेल हे मान्य. तरी तो भात शिजवताना शेगडी किती वेळ पेटली होती, ते गृहिणीला सांगायला नको. आणि शेगडी हा तर शेवटचा टप्पा. एक किलो भातपीक उभे करायला शेतात सरासरी अडीच हजार लिटरच्या आसपास पाणी लागते. नांगरट, खत, भरडाई, वाहतूक, वाण्याच्या दुकानापासून घरापर्यंतची पिशवी, हे सर्व त्या दाण्यात जमा झालेले असते. यांतले गॅसच्या प्रकल्पातून काय परत येते? बारा मिनिटांची आच आणि थोडे खत.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यावरण कार्यक्रमाने २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात भारतातील घरांतून वाया जाणाऱ्या अन्नाचा अंदाज माणशी वर्षाला ५५ किलो दिला आहे. यात साली-देठेही धरलेली आहेत, म्हणून आकडा ऐकून दचकू नये. पण चार माणसांच्या घराचे ते २२० किलो होतात, आणि सर्वच्या सर्व देवगुराडियाला पोचले तरी त्यातून वर्षाकाठी सात किलोच्या आतच गॅस निघेल. स्वयंपाकाच्या टाकीत १४.२ किलो गॅस असतो. वर्षभराच्या नासाडीची भरपाई अर्धी टाकीसुद्धा नाही! प्रकल्प चांगला आहे, पण तो साली, देठे, चहाची पूड, निर्माल्य यांच्यासाठी चांगला. खाण्यायोग्य अन्नासाठी तो शेवटचा उपाय आहे.

दासोह म्हणजे जास्तीचे अन्न नव्हे

येथे आपल्या घरातील वडीलधारी मंडळी एक शंका काढतील, आणि ती रास्त आहे. लिंगायताच्या घरी अवचित जंगम आला, पै-पाहुणा आला, तर त्याला उपाशी पाठवायचे काय? चार घास जास्त शिजवणे हीच तर आपली रीत. सासूबाई सुनेला हेच सांगत आल्या: भांडे कधी खरवडून रिकामे दिसू नये.

परंतु लक्कम्मांच्या घरी दासोह रोज होता. ज्या घरात रोज अतिथीला अन्न दिले जात होते, त्याच घराने जादा तांदूळ परत केले. याचा अर्थ दासोह आणि मोजके घेणे यांत विरोध नाही. दासोह आपल्या कायकातून, आपल्या वाट्यातून होतो. साठ्यातून उरलेले दिले तर ते फार तर दान होईल. आपल्या घासातला घास काढून देण्याची तयारी असेल तर रोज दोन वाट्या जास्त शिजवून दुसऱ्या दिवशी टाकण्याची गरज नाही.

आपल्या जुन्या स्वयंपाकघराने यावर उपाय शोधून ठेवलेला आहे. सोलापूरकडच्या घरांत कडक भाकरी करून ठेवतात. ज्वारीची किंवा बाजरीची पातळ, पुरती वाळवलेली भाकरी. ती नीट ठेवली तर बरेच दिवस टिकते. तिच्या जोडीला शेंगा चटणी. अवचित आलेल्या माणसापुढे दही, कडक भाकरी, शेंगा चटणी आणि कांदा ठेवला तर त्याला कोणी कमी लेखणार नाही. इंदुरात स्थायिक झालेल्या सोलापूर-धाराशिवकडच्या घरांत अजून या भाकरीचे डबे येतात. पाहुण्यांसाठी तयारी असावी ती अशी, टिकणाऱ्या वस्तूंची. ओल्या भाताची तयारी म्हणजे उद्याच्या नासाडीची तयारी.

माळव्याची रीतही शिकण्यासारखी आहे. येथे घरोघरी रविवारी दाल-बाफले होतात. बाफला आधी उकडून मग भाजतात, वर तुपात बुडवतात. त्यामुळे तो जड असतो आणि जाणत्या घरी माणशी मोजूनच करतात. उरलाच तर चुरून, तूप-साखर घालून चूरमा होतो. आपल्याकडे शिळ्या पोळीचा कुस्करा, भाकरीचा काला, उरलेल्या वरणात पीठ भिजवून थालीपीठ. या पाककृती नवीन नाहीत. त्या मुलांना आवडेनाशा झाल्या आहेत असे म्हणतात. मला वाटते, करणाऱ्याने त्या चोरून, लाजत वाढल्यामुळे तसे झाले असावे. ताजा पदार्थ म्हणून मानाने वाढावा, खाणारा खातो.

एक सावधगिरी मात्र सांगितली पाहिजे. शिळे खावे म्हणजे कसेही ठेवलेले खावे असे नाही. वैशाखाच्या उन्हाळ्यात शिजलेला भात ओट्यावर रात्रभर राहिला तर तो पुन्हा गरम करूनही सुरक्षित होत नाही. जेवणे झाल्यावर तासा-दोन तासांत गार करून झाकून शीतकपाटात ठेवावा व दुसऱ्या दिवशी सकाळीच संपवावा. काटकसरीपायी कोणाला आजारी पाडणे हे कोणत्याही शिकवणीत बसत नाही.

आता माप. माणशी किती तांदूळ, किती पीठ, हे प्रत्येक घराचे निराळे असते आणि ते महिन्या-महिन्याला बदलते. मुलांच्या परीक्षा, उपवास, उन्हाळा यांनी भूक बदलते. म्हणून वाटीचे माप एकदा ठरवून भागत नाही. सकाळी डबा कोणाचा, संध्याकाळी कोण घरी, हे विचारून मगच तांदूळ काढावेत. साधी गोष्ट आहे. पण घरातील पुरुषमंडळी उशीर होणार असल्याचे आधी कळवीत नाहीत आणि मग उरलेल्या अन्नाचा दोष स्वयंपाक करणाऱ्याच्या माथी येतो. मारय्या अनुभव मंटपातील चर्चेत रंगून कायकाची वेळ विसरले, तेव्हा लक्कम्मांनी त्यांना आठवण करून दिली, अशीही कथा आहे. माप राखण्याचे काम एकट्या बाईचे नाही, हे तिच्यातून घ्यावे.

इंदूर पद्धत

ज्या साली, देठे, पाने खाण्याची नाहीत, त्यांचे काय? येथे इंदूरचे नाव साऱ्या जगाच्या शेतीशास्त्रात गेलेले आहे आणि ते सर्वेक्षणाच्या कितीतरी आधी. १९२४ साली इंदूर दरबाराने दिलेल्या ३०० एकर जमिनीवर 'इन्स्टिट्यूट ऑफ प्लँट इंडस्ट्री' ही संस्था उभी राहिली. आजचे कृषी महाविद्यालय आहे तीच ही जागा. तिचे संचालक अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज शास्त्रज्ञ होते. येथल्या शेतातील काडीकचरा आणि शेण यांचे खत कसे करावे यावर त्यांनी १९३१ पर्यंत काम केले. त्या वर्षी त्यांचे जे पुस्तक प्रसिद्ध झाले त्यावर सहलेखक म्हणून यशवंत वाड यांचे नाव आहे. कंपोस्ट खताची 'इंदूर पद्धत' म्हणून जी जगभर ओळखली जाते, ती हीच. पुढे युरोप-अमेरिकेत सेंद्रिय शेतीची जी चळवळ झाली तिच्यात हॉवर्ड यांना मोठा मान आहे. शेतकऱ्याला आपण शिकवायला आलो आणि त्याच्याकडूनच शिकलो, अशी त्यांची वृत्ती होती. इंग्रज अधिकाऱ्यांत ती दुर्मिळच म्हणायची.

पद्धतीचे मर्म सोपे आहे. एकाच प्रकारचा कचरा कुजवायचा नाही, मिसळ करायची. पाने, काड्या, तण यांचा थर, त्यावर शेण, गोठ्यातील गोमूत्राने भिजलेली माती, थोडी लाकडाची राख. पुन्हा तसेच थर. ओल राहील इतके पाणी, पण चिखल नाही. आणि हवा खेळावी म्हणून तीन महिन्यांच्या अवधीत ढीग काही वेळा उलथायचा. हवा मिळाली की कुजणे दुर्गंधीशिवाय होते. हवा कोंडली की तोच ढीग घाण मारतो.

हेच तत्त्व घराच्या गच्चीवर किंवा सज्जात चालते. दोन मोठ्या कुंड्या किंवा झाकणाच्या बादल्या घ्याव्यात, बाजूने व तळाला भोके पाडावीत. तळाशी वाळक्या पानांचा चार बोटे थर. रोजच्या साली बारीक चिरून टाकाव्यात आणि प्रत्येक वेळी त्यावर मूठ-दोन मुठी वाळका पाला किंवा जुने खत पसरावे. अधूनमधून आंबट ताक शिंपडावे. आठवड्यातून एकदा काठीने वर-खाली करावे. वास सुटला तर ओल जास्त झाली, वाळका पाला वाढवावा. मुंग्या झाल्या तर फार कोरडे पडले, पाणी शिंपडावे. पहिली कुंडी भरली की ती मुरायला ठेवून दुसरी सुरू करावी. दोन-अडीच महिन्यांत काळसर, मातीच्या वासाचे खत मिळते. तेलकट अन्न व दुधाचे पदार्थ त्यात टाकू नयेत. पूजेतील बेल-फुले मात्र अवश्य टाकावीत. कान्ह नदीत निर्माल्य सोडण्यापेक्षा तुळशीच्या, जास्वंदीच्या मुळाशी त्याची माती होणे अधिक पवित्र, असे माझे मत आहे.

ज्यांना जागा नाही त्यांनी खुशाल कचरागाडीच्या ओल्या कप्प्यात द्यावे. त्यात काही कमीपणा नाही. फक्त प्लास्टिकचा तुकडाही त्यात जाऊ नये. दुधाची पिशवी कापताना कोपरा पुरता तोडू नये, लोंबता ठेवावा. तो सुटा इवलासा तुकडा हमखास ओल्या कचऱ्यात जातो आणि मग खतात निघतो. रिकामी पिशवी तांदूळ धुतल्याच्या पाण्याने विसळून, वाळवून सुक्यात द्यावी.

जो हाताळतो त्याच्यासाठी

कचरा वेगळा करणे हा नगरपालिकेचा नियम म्हणून न पाहता तो हाताळणाऱ्या माणसाच्या नजरेने पाहावा. शरणी सत्यक्कांचे कायक अंगण झाडण्याचे होते. झाडताना वाटेत सोने किंवा वस्त्र पडलेले दिसले तरी त्याला हात लावायचा नाही, असा त्यांचा नेम. झाडू हाती धरणारी स्त्री शरणांच्या मालिकेत मानाने बसते, हे आपल्या परंपरेचे मोठेपण आहे.

इंदूरने हा मान एकदा रस्त्यावर करून दाखवलेला आहे. पॅट्रिक गेडिस हे स्कॉटलंडचे जीवशास्त्रज्ञ व नगररचनाकार इंदूर दरबाराच्या बोलावण्यावरून येथे आले होते. प्लेगचे दिवस होते. १९१७ च्या दिवाळीत त्यांनी शहरात मोठी मिरवणूक काढली. ठरलेल्या मार्गाने मिरवणूक जाणार नाही, जे रस्ते सर्वांत स्वच्छ असतील त्या रस्त्यांनी ती जाईल, असे आधी जाहीर केले. मग काय, गल्लोगल्ली झाडलोट, डागडुजी, रंगरंगोटी सुरू झाली! मिरवणुकीत प्लेगचा राक्षस आणि उंदीर यांची सोंगे होती, लक्ष्मी होती. आणि शुभ्र कपड्यांत, फुलांच्या माळा घालून, नव्या झाडूंसह सफाई कामगार चालत होते. दुसऱ्या वर्षी त्यांचा इंदूरच्या नगररचनेचा अहवाल प्रसिद्ध झाला. अहवाल अभ्यासक वाचतात, पण ती मिरवणूक प्रत्येक इंदूरकराला ठाऊक असावी.

आजचा सफाईमित्र आपल्या घरातील कचरा हातात घेतो. फुटलेली काच कागदात गुंडाळून, त्यावर तसे लिहून द्यावी. लहान मुलांचे लंगोट, सॅनिटरी पॅड कागदात बांधून निराळ्या कप्प्यात द्यावेत. मुदत संपलेली औषधे, सुया, वापरलेले सेल ओल्या-सुक्यात मिसळू नयेत. घरात हे काम कोण करतो, तेही पाहावे. मोलकरणीवर सोडून दिले तर आपण वेगळे केले असे होत नाही.

नर्मदेचे पाणी

माळव्यात पावलोपावली अन्न आणि पाणी, असे जुने लोक सांगत. शहर वाढले तसे ते पाणी पुरेनासे झाले. १९३९ मध्ये गंभीर नदीवर यशवंत सागर बांधला गेला. तोही अपुरा पडल्यावर लोकांच्या आग्रहातून नर्मदेचे पाणी आणण्याची योजना झाली आणि १९७८ मध्ये ते इंदुरात पोचले. मंडलेश्वराजवळच्या जलूदहून सुमारे ७० किलोमीटर लांबून ते येते. नर्मदेचे पात्र खाली निमाडात, इंदूर वर पठारावर. मध्ये विंध्याची चढण. उंचीतला फरक चारशे मीटर आहे.

याचा हिशेब मुलांकडून करून घ्यावा, शाळेतले गणितच आहे. हजार लिटर पाणी म्हणजे एक टन वजन. ते चारशे मीटर वर उचलायला, पंपात व नळात काहीच वाया जात नाही असे धरले तरी, विजेचे एक युनिट लागते. प्रत्यक्षात त्याहून बरेच जास्त. गच्चीवरची हजार लिटरची काळी टाकी भरली की एवढी वीज त्या पाण्यात आधीच खर्च झालेली असते. ती वीज स्वच्छ असावी म्हणून इंदूर महापालिकेने फेब्रुवारी २०२३ मध्ये लोकांकडून २४४ कोटींचे हरित रोखे घेतले आणि जलूद येथे ६० मेगावॅटचा सौर प्रकल्प हाती घेतला. उपक्रम चांगलाच आहे. पण उन्हावर पंप चालला म्हणून नळ वाहता ठेवण्याची मुभा मिळत नाही. गॅस होतो म्हणून भात टाकण्यासारखेच ते होईल.

सेकंदाला एक थेंब गळणारा नळ दिवसाला वीस लिटरच्या पुढे पाणी घालवतो. दहा-वीस रुपयांचा वायसर बदलला की काम होते, पण ते महिनोन् महिने राहून जाते. पाणी शुद्ध करणारे आरओ यंत्र ज्या घरी आहे तेथे एका लिटर शुद्ध पाण्यामागे दोन-तीन लिटर पाणी नळीतून बाहेर जाते. ते बादलीत धरून फरशी पुसायला, संडासात वापरावे. ते खारट असल्याने झाडांना रोज घालू नये. भाजी वाहत्या नळाखाली धुण्याऐवजी भांड्यात धुतली की उरलेले पाणी कुंडीला चालते.

पिशवी, दिवा, कपडे यांविषयी वर्तमानपत्रांत पुष्कळ येते, म्हणून येथे लांबण लावीत नाही. १ जुलै २०२२ पासून देशभर एकदा वापरून टाकायच्या प्लास्टिकच्या ताटल्या, पेले, चमचे यांवर बंदी आहे. तरी आपल्या समारंभांत कागदी पेले सर्रास दिसतात आणि कागदाच्या आत प्लास्टिकचाच पातळ थर असतो. माळव्यात पळस भरपूर. त्याच्या पानांच्या पत्रावळी-द्रोण अजून मिळतात. मंडळाने शे-दोनशे स्टीलची ताटे एकदा घेऊन ठेवली तर ती दोन पिढ्या पुरतात. धुण्याचे काम सेवा म्हणून करणारे तरुण मिळत नाहीत, ही खरी अडचण आहे आणि तिला उत्तर ताटांत नाही.

राहता राहिला महाप्रसाद. मोठ्या पंगतीत नासाडी होते ती बहुतेक वाढण्यात होते. वाढप्याने पहिल्या फेरीत सर्व पदार्थ निम्मेच वाढावेत आणि दुसरी, तिसरी फेरी लगेच फिरवावी. आग्रह दुसऱ्या फेरीपासून करावा. लहान मुलांना मोठ्यांचे पान वाढू नये. तांदूळ एकदम न चढवता शेवटच्या पंगतींसाठी निम्मा धुवून बाजूला ठेवावा आणि माणसे मोजून मगच चढवावा. आचारी कुरकुरतात, पण आधी सांगून ठेवले तर ऐकतात. जे शिजवलेले उरेल ते कोठे द्यायचे, कोण नेणार, भांडी कोणाची, हे कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी ठरलेले असावे. रात्री अकरा वाजता फोन करून कोणी येत नाही.

पुढील सत्संगापर्यंत प्रत्येक घराने सात दिवस एवढे करावे. शिजलेले जे अन्न टाकावे लागेल ते टाकण्यापूर्वी वजन करून भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या त्या तारखेच्या चौकटीत लिहावे. साली-देठे यात धरू नयेत. कोणी टाकले ते लिहू नये, फक्त काय व किती ते लिहावे. आठव्या दिवशी तो कागद घरातल्या सर्वांनी एकत्र बसून वाचावा, आणि पुढच्या आठवड्याचे तांदूळ त्यानंतर काढावेत.